बिल अडकलं की घर अडकतं

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय आमच्या कामाचं? विषय आहे कंत्राटदारांच्या संघटना. बांधकाम, रस्ते, गटारं, पाणीयोजना अशी कामं घेणाऱ्यांनी आपापल्या हितासाठी केलेल्या संघटना. हा विषय आम्ही गटाच्या कार्यक्रमात का घेतला, ते आधी सांगतो.

आम्ही गटांचं समन्वयाचं काम करतो. महिन्याच्या बैठकीला बसतो, कर्जाचे अर्ज भरून घेतो. अर्जावर कारण लिहिलेलं असतं ‘घरखर्च’ नाहीतर ‘शेळीपालन’. जरा बोलतं केलं की खरं कारण कळतं. मालकांनी शाळेच्या कंपाउंडचं काम घेतलंय, बिल निघालं नाही, शनिवारी मजुरांचा पगार द्यायचाय. किंवा मुलानं पेव्हर ब्लॉक बसवायचं काम पेटीवर घेतलंय, खडीवाला दारात येऊन बसतोय. म्हणजे सही बाईची, हप्ता बाईचा आणि पैसा गेला साइटवर. तिकडे बिल अडकलं की इकडे गटाचा हप्ता थकतो. म्हणून म्हणतो, हा विषय आपलाच आहे.

आता हा पैसा कसा खाली येतो ते बघू. वर असतो सरकारी विभाग, जिल्हा परिषद किंवा मोठा बिल्डर. त्याच्या खाली मुख्य कंत्राटदार, ज्याच्या नावावर निविदा मंजूर झाली तो. त्याच्या खाली उपकंत्राटदार, ज्याला आपण पेटी कंत्राटदार म्हणतो. त्याच्या खाली मुकादम, गवंडी, सेंट्रिंगवाले आणि सगळ्यात शेवटी बिगारी. काम सगळ्यात आधी खालच्याला करावं लागतं आणि पैसा सगळ्यात शेवटी त्याच्या हातात येतो. मधल्या एकानं जरी हात आखडला, तरी खालची सगळी रांग थांबते.

शिवाय जो आकडा ऐकतो तो हातात येत नाही. समजा, सरकारी काम दहा लाखांचं झालं. जीएसटी बाजूला ठेवू. त्या बिलातून एकट्या माणसाच्या नावावर कंत्राट असेल तर प्राप्तिकराची १ टक्का कपात होते, म्हणजे १०,००० रुपये. भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के. कंत्राट अडीच लाखांच्या वरचं असेल तर जीएसटीपोटी आणखी २ टक्के, म्हणजे २०,००० रुपये. बांधकाम कामगार कल्याणाचा उपकर १ टक्का, म्हणजे आणखी १०,०००. झाले ४०,०००. त्याशिवाय सुरक्षा अनामत राखून ठेवतात ती वेगळी. ती कामाच्या हमीची मुदत संपल्यावर परत मिळते. प्राप्तिकर आणि जीएसटीची कपात हिशेबात परत धरता येते, पण वेळेवर विवरणपत्र भरलं तरच. घरात ‘दहा लाखांचं काम’ असं ऐकलं की लग्नाचा बेत ठरवू नका, एवढंच सांगणं.

तर या सगळ्या रेट्यात एकटा कंत्राटदार काय करणार? साहेबाच्या टेबलापुढे एकटा उभा राहिला तर ‘निधी आला नाही, पुढच्या आठवड्यात या’ एवढंच ऐकून घरी येतो. आपल्यालाही हे माहीत आहे. गट होण्याआधी आपण एकट्या बँकेत गेलो तर शिपाईसुद्धा आत सोडत नव्हता. दहाजणी मिळून गेलो तेव्हा मॅनेजरनं खुर्च्या मागवल्या. संघटनेचं तेच आहे. वर्गणी भरायची, पदाधिकारी निवडायचे, सगळ्यांच्या अडचणी एका कागदावर मांडायच्या आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायचं.

आणि ही काही नवी गोष्ट नाही. देशातल्या कंत्राटदारांची एक मोठी संघटना आहे, बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया. ती १९४१ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली. ब्रिटिश लष्कराची बांधकामं करणारे काही अभियंते आणि कंत्राटदार आपल्या अडचणी सोडवायला एकत्र आले, त्यातून ती उभी राहिली. आज देशभर तिची केंद्रं आहेत. नावात ‘बिल्डर’ असलं तरी ती कामं करणाऱ्या कंत्राटदारांची संघटना आहे. घरं बांधून विकणाऱ्या विकासकांची संघटना वेगळी, तिचं नाव क्रेडाई. ती १९९९ साली झाली. याशिवाय जिल्ह्या-जिल्ह्यात, तालुक्या-तालुक्यात कंत्राटदारांच्या आपापल्या संघटना आहेत. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांच्या वेगळ्या आहेत. मजूर सहकारी संस्थांचे जिल्हा संघ आहेत.

संघटना काय करू शकते याचं एक मोठं उदाहरण सांगतो. बांधकामात सिमेंट लागतंच. भाव वाढला की निविदा भरलेला कंत्राटदार मरतो, कारण त्याचा दर आधीच ठरलेला असतो. २०१० साली बिल्डर्स असोसिएशननं भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की सिमेंट कंपन्या आपसात ठरवून भाव चढवतात. आयोगानं चौकशी केली. कारखान्याची ताकद असूनही उत्पादन कमी ठेवलं गेलं आणि भाव मिळून वाढवले गेले, असं आयोगाला दिसलं. जून २०१२ मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून ६,३०० कोटी रुपयांच्या आसपास दंड सांगितला. कंपन्या अपिलात गेल्या. सुनावणीच्या पद्धतीवरून तो आदेश रद्द झाला. पुन्हा सुनावणी होऊन २०१६ मध्ये आयोगानं पुन्हा दंड लावला. २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो कायम केला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

विचार करा, वर्षानुवर्षं चालणारी ही लढाई आपल्या तालुक्यातला एखादा कंत्राटदार लढू शकला असता का? वकिलाची पहिली फी भरतानाच त्याचं घर गहाण पडलं असतं. संघटना होती म्हणून हे झालं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. सिमेंट कंपन्यांचीही संघटनाच होती, आणि आयोगानं दंड तिलाही केला. संघटना झाली म्हणजे ती चांगलीच, असं नाही. हक्क मागायला माणसं एकत्र येतात, तशी गिऱ्हाइकाला नाडायलाही येतात. कंत्राटदार मिळून निविदेत आधीच ठरवतात की या वेळी काम तुझं, पुढच्या वेळी माझं. तसं झालं तर तेही बेकायदा आहे, आणि त्यात नुकसान आपल्या गावच्या रस्त्याचं होतं. म्हणून संघटना कशासाठी उभी आहे, हे बघूनच तिच्या मागे जायचं.

रोजच्या व्यवहारात चांगली संघटना काय करते? एक, थकलेल्या बिलांसाठी एकत्र निवेदन देते, बैठक मागते, वेळ पडली तर आंदोलन करते. २०२५ मध्ये आपल्या राज्यात कंत्राटदार संघटनांनी थकीत बिलांसाठी आंदोलनं केली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. दोन, निविदेच्या अटी जाचक असतील तर त्यावर बोलते. भाववाढ झाली तर दरात फरक मिळावा, अशी मागणी करते. तीन, करात बदल झाला की सभासदांना समजावून सांगते. उदाहरण द्यायचं तर जुलै २०२२ मध्ये बऱ्याच सरकारी कामांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ज्यांना वेळेवर कळलं नाही, त्यांचा हिशेब चुकला. चार, सभासदांमध्ये भांडण लागलं तर कोर्टात जाण्याआधी दोघांना समोर बसवते.

आता येतो खऱ्या दुखण्याकडे. या संघटनांत सभासद बहुतेक कोण असतात? ज्यांच्या नावावर सरकारी नोंदणी आहे ते. आपल्या घरातला माणूस मात्र बहुधा पेटी कंत्राटदार असतो. आणि पेटीवरचं काम बऱ्याचदा तोंडी असतं. त्याला कारण आहे. सरकारी कंत्राटाच्या अटींत साधारणपणे असं असतं की परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देता येत नाही. मग मुख्य कंत्राटदार परवानगी काढत बसत नाही आणि कागदही करत नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणतो. काम होतं, मोजमाप होतं, बिल निघतं मुख्य कंत्राटदाराच्या नावावर. सरकारी दप्तरात आपल्या माणसाचं नाव कुठंच नसतं.

याचा शेवट किती वाईट होऊ शकतो, तेही आपण पाहिलं. गेल्या काही काळात थकीत बिलं आणि कर्जाच्या ओझ्याखाली एका तरुण कंत्राटदाराचा जीव गेल्याची बातमी आली आणि राज्य हळहळलं. त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आलं की त्याच्या नावावर बिल थकलेलं नाही, तो उपकंत्राटदार असावा. मैत्रिणींनो, त्या प्रकरणात कोण चूक, कोण बरोबर, हे आपण इथे ठरवत नाही. पण ‘तुझ्या नावावर काहीच नाही’ हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी घरांना लागू पडतं. घाम आपला असतो, पण कागदावर नाव दुसऱ्याचं. घरातला माणूस गप्प गप्प राहत असेल, झोपत नसेल, फोन वाजला की दचकत असेल, तर त्याला टोमणा मारू नका. जवळ बसून आकडा विचारा. आणि १४४१६ हा सरकारचा ‘टेलि मानस’चा मोफत नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मनावरचा भार तिथे बोलता येतो.

आमच्या भागातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. त्यांच्या मालकांनी गटाराचं काम पेटीवर घेतलं. कागद नव्हता. ताई दहावी शिकलेल्या. त्यांनी पहिल्या दिवसापासून एक वही केली. आज किती मजूर, किती हजेरी, सिमेंटच्या गोण्या किती आल्या, किती मीटर काम झालं, उचल किती मिळाली. दर शनिवारी त्या पानावर मुख्य कंत्राटदाराच्या सुपरवायझरची सही घ्यायची. ‘आमच्या गटाला दाखवावं लागतं’ असं म्हणायच्या. गटाचं नाव घेतलं की तोही सही करायचा.

काम संपलं आणि हिशेब फिसकटला. मुख्य कंत्राटदार म्हणाला, काम कमी झालंय. ताई आणि मालक तालुक्याच्या कंत्राटदार संघटनेकडे गेले. मालक सभासद नव्हते, पण मुख्य कंत्राटदार होता. पदाधिकाऱ्यांनी दोघांना बोलावलं. आधी कुणी ताईंकडे बघायलाही तयार नव्हतं. मग त्यांनी वही पुढे केली. पानं उलटली, सह्या बघितल्या. एक ज्येष्ठ पदाधिकारी एवढंच म्हणाले, ‘सह्या तुमच्याच माणसाच्या आहेत ना?’ पैसे दोन हप्त्यांत मिळाले. सगळे नाही मिळाले, थोडे सोडावे लागले. पण गटाचं कर्ज फिटलं. आणि पुढच्या कामाच्या वेळी मालकांनी आधी संघटनेची वर्गणी भरली, मग फावडं उचललं.

यातून आपण काय घ्यायचं? पाच गोष्टी सांगतो. वही-पेन घेतलं असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, कागद. मुख्य कंत्राटदाराला मिळालेल्या कार्यारंभ आदेशाची प्रत मागा. आपल्या कामाचं साध्या कागदावर का होईना, पत्र घ्या. काम कोणतं, दर काय, पैसे कधी, कपात किती. उचल रोख न घेता बँक खात्यावर घ्या. बँकेची नोंद हा पुरावाच असतो. आणि वही ठेवा.

दुसरी गोष्ट, उद्यम नोंदणी. ही सरकारची मोफत नोंदणी आहे, आधार क्रमांकावर होते. यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात लहान उद्योगाचं देणं ठरल्या तारखेला द्यायचं असतं, आणि ती तारीखही ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करा, नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. आणि हेही सांगतो, साहित्य आणि मजुरी एकत्र असलेल्या बांधकाम कंत्राटाला हा कायदा लागतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात आपलं काम नेमकं कसं आहे ते सांगून विचारून घ्या. नुसता पेव्हर ब्लॉकचा पुरवठा असेल तर मुद्दा सोपा होतो.

तिसरी गोष्ट, संघटनेला विचारायचे प्रश्न. वर्गणी किती, पावती देता का? वर्षाचा हिशेब सभेत वाचता का? पेटी कंत्राटदाराला सभासद करून घेता का? सभासदानं पेटीवाल्याचे पैसे अडकवले तर तुम्ही काय करता? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. सरकारनं बिल अडकवलं की मोर्चा काढायचा आणि आपण खालच्याचं अडकवलं की गप्प बसायचं, असं चालणार नाही. मोठी संघटना घेत नसेल तर तालुक्यातल्या पेटीवाल्यांनी, गवंड्यांनी, सेंट्रिंगवाल्यांनी आपली बांधावी. गट कसा बांधायचा, इतिवृत्त कसं लिहायचं, हे त्यांना शिकवायला आपण आहोतच.

चौथी गोष्ट, कामावरच्या मजुरांची. आपला माणूस बिल मागतो, तसं त्याच्या हाताखालच्या बाईलाही तिची मजुरी हवी असते. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं की १८ ते ६० वयाच्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला लागतो. आपण ठेकेदार असू तर तो दाखला अडवू नका. बिलातून जो १ टक्का उपकर कापला जातो, तो याच कामगारांसाठी असतो.

पाचवी गोष्ट आपल्या गटाची. आमच्या काही ग्रामसंघांनी ठराव केला आहे की साइटसाठी कर्ज हवं असेल तर अर्जावर खरं कारण लिहायचं आणि सोबत कामाचा कागद जोडायचा. कागद नाही तर कर्ज नाही. सुरुवातीला घराघरांत कुरकुर झाली. पण याच ठरावामुळे बायकांना घरात विचारायचं बळ मिळालं, ‘कागद आणा, गट मागतोय.’ जे बायको म्हणून विचारता येत नव्हतं, ते गटाची सभासद म्हणून विचारता आलं.

जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट. हल्ली महिलांच्या नावावर नोंदणी काढायची, मजूर संस्थेत बायकांची नावं घालायची, असं चालतं. बाई खरंच काम करणार असेल, हिशेब बघणार असेल, तर जरूर नाव घाला. आपल्या मैत्रिणी पेव्हर ब्लॉक बनवतात, कामाला पुरवठा करतात. त्यांनी स्वतः कंत्राटदार व्हावं, संघटनेच्या सभेत खुर्चीवर बसावं. पण नुसतं नाव देऊन बाजूला बसू नका. कराची नोटीस, बँकेची नोटीस नावावरच येते. सही करण्याआधी वाचा, नाही कळलं तर गटात आणा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. कर्जाची यादी पुढे घ्या आणि कुठल्या कर्जाचा पैसा साइटवर गेलाय ते मोकळेपणानं बोला. कुणाला लाजवायला नको. कोणाचं बिल कुणाकडे अडकलंय, कागद काय आहे, एवढी एक यादी झाली तरी पुष्कळ. ती यादी घेऊन चार-पाचजणी घरच्या माणसांसोबत तालुक्याच्या संघटनेकडे जा. एकीला जे उत्तर मिळत नाही, ते पाचजणींना मिळतं, हे आपण बँकेत शिकलोच आहोत. काय झालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.